डिचोली ते ठाणे, पाच माणसं: ट्रेन, विमान, बस की आपली गाडी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीचं कुटुंब, नवरा-बायको, मुलगा १० वर्षांचा, मुलगी ४ ची आणि सासूबाई ६८ च्या. १७ मेला ठाण्यात मुंज आहे, १५ ला निघायचं, १९ ला परत फिरायचं. नवरा म्हणतो गाडी काढू, साडेतीन हजारांचं पेट्रोल, पाच जण, विषय संपला. मुंबईचा दीर म्हणतो वेडे आहात काय, विमान आता ट्रेनच्या भावात मिळतं. आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईंना एवढंच कळून घ्यायचंय की नक्की स्वस्त काय पडतं.

ताई, मी म्हापशात बुकिंगचं काम करतो, रेल्वे, विमान, बस तिन्ही, आणि हा प्रश्न काउंटरवर रोज येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक आधीच सांगून टाकतो, विमानाचं तिकीट काढलं तर मला दोन पैसे जास्त सुटतात आणि ट्रेनच्या तिकिटात जवळजवळ काहीच सुटत नाही, म्हणजे मी पुढे ट्रेनची बाजू घेतली तर ती माझ्या धंद्यासाठी नाही एवढं धरून चला.

तुमचा नवरा आणि दीर दोघंही खोटं बोलत नाहीयेत, पण दोघांनीही मधलाच तुकडा मोजलाय. तिकिटाचा भाव हा प्रवासाचा खर्च नसतो, डिचोलीच्या तुमच्या घराच्या पायरीपासून ठाण्याच्या त्या सोसायटीच्या गेटपर्यंत खिशातून जे जातं तो खर्च, आणि गोव्यात तर हा दोन्ही टोकांचा तुकडाच कधीकधी मधल्या तुकड्याला भारी पडतो कारण आपल्याकडच्या टॅक्सीचे दर तुम्हाला माहीतच आहेत.

पहिलं काम म्हणजे डोकी मोजा, आणि ती प्रत्येक वाहनाच्या नियमाने मोजा. तुम्ही पाच जण, पण विमानात दोन वर्षं पूर्ण झालेल्या पोराला अख्खं तिकीट लागतं, म्हणजे तुमच्या चार वर्षांच्या मुलीलाही, पाच तिकिटं. ट्रेनमध्ये पाच वर्षांखालचं पोर फुकट, वेगळी बर्थ मागितली नाही तर. पाच ते बाराच्या आतलं पोर बर्थ न घेता गेलं तर अर्धं तिकीट, पण बर्थ पाहिजे असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं लागतं, आणि दहा वर्षांचा मुलगा रात्रभर कुणाच्या पायाशी झोपणार, त्यामुळे त्याचं पूर्णच धरा. म्हणजे ट्रेनला चार तिकिटं. सासूबाईंना रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांची सूट मिळेल असं अजून पुष्कळ जण समजून येतात, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. खाजगी स्लीपर बसमध्ये बर्थचे पैसे असतात, दोन डबल बर्थ घेतल्या की तुमचं निभतं, चार तिकिटं. आणि गाडीला डोकी नसतातच, एक बसा नाहीतर पाच बसा, टाकी तेवढीच पिते, सगळी गंमत तिथेच आहे.

आता विमान घेऊ. तुमच्या दिराने जो २,२०० की २,४०० चा भाव बघितला असेल तो असतो, नाही असं नाही, पण तो मंगळवारचा, जुलैमधला, पहाटेच्या फ्लाइटचा असतो. मेच्या मध्यावर, मुलांच्या सुट्टीत, शुक्रवार-शनिवारच्या आसपास मोपा, म्हणजे उत्तर गोव्यातला नवा विमानतळ, ते मुंबई एका माणसाचे साडेतीन ते साडेचार हजार धरून चला, मी चार धरतो. पाच तिकिटांचे २०,०००. मग ॲपवर शेवटच्या पानावर कन्व्हिनियन्स फी येते, ती माणशी लागते, बुकिंगला एकदा नाही, पाच जणांचे दीड-दोन हजार तिथे. मग सीट. वेबचेकइनला फुकट सीट मिळतात पण विखुरलेल्या, चार वर्षांची मुलगी एका रांगेत आणि आई भलत्याच रांगेत असं चालणार नाही म्हणून माणसं दोनतीनशे देऊन सीट निवडतात. मग डिचोलीहून मोपाला टॅक्सी, हजार-दीड हजार. मुंबईत उतरलात की विमानतळ अंधेरी-सांताक्रूझला आणि तुम्हाला जायचंय ठाण्याला, पाच माणसं आणि मुंजीचं सामान म्हणजे मोठी कॅब, आणखी हजार-बाराशे. बेरीज करा, एका बाजूचे २४,००० च्या पुढे जातात.

बरं, वेळ तरी वाचतो का? फ्लाइट सव्वा तासाची, कबूल. पण घरातून निघून मोपाला एक तास, तिथे दीड-दोन तास आधी, उतरल्यावर बॅगा यायला अर्धा तास, मग ठाण्याचं ट्रॅफिक. सगळं मिळून साडेपाच-सहा तास होतात. वंदे भारत ट्रेन तुमच्या जवळच्या थिवी स्टेशनहून ठाण्याला साधारण सव्वासहा तासांत नेते. म्हणजे तुम्ही पंधरा-सोळा हजार जादा मोजून वाचवणार काय तर तासभर.

आणि सामान. विमानात साधारण १५ किलो चेकइन आणि ७ किलो हातात. मे महिना, ठाण्याला जाताय, मानकुराद आंब्यांची पेटी नेल्याशिवाय तुम्ही जाणार आहात का? पेटी चेकइनमध्ये जाते पण वजनात धरतात, आणि जास्तीच्या किलोमागे पाचशेच्या वर मागतात, म्हणजे आंब्यापेक्षा आंब्याचं भाडं जड. मुंजीसाठी सुकं खोबरं नेणार असाल तर ते सिक्युरिटीला काढून ठेवायला लावतात, तेल सुटतं आणि पेट घेतं म्हणून विमानात चालत नाही. माझ्याकडची एक गिऱ्हाईक बाई खोबऱ्याच्या वाट्या तिथेच सफाईवालीला देऊन आली होती. ट्रेनमध्ये थ्री एसी, चेअर कार, स्लीपर, कशातही माणशी ४० किलो फुकट, आणि खोबरं कुणी विचारत नाही.

दाबोळीहून, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावरून, जावं का, असंही लोक विचारतात. वास्को-मडगावकडच्या माणसाला दाबोळी सोयीचं, तिथल्या फ्लाइट अजून चालू आहेत. पण डिचोली, साखळी, पेडणे, म्हापसा या बाजूच्या माणसाने दाबोळीचं तिकीट पाचशेने स्वस्त दिसलं म्हणून काढू नये, टॅक्सीत ते पाचशे जातात आणि वर हजार जातात. एकटा माणूस असेल, हातात एकच बॅग, तर मात्र गोष्ट वेगळी, मोपाहून कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, इलेक्ट्रिक बस म्हापसा-पणजी-मडगावला सुटतात, त्या टॅक्सीच्या मानाने फुकटातच पडतात. पाच जणांना पण ती बस, मग म्हापशाहून डिचोलीची बस, बॅगा चढवा-उतरवा, सासूबाई बरोबर, मी सांगणार नाही.

गाडीचं बघू कारण घरात खरं भांडण तिथेच आहे. डिचोलीहून दोडामार्ग-बांदा करून ६६ नंबरच्या हायवेने ठाणे साधारण साडेपाचशे किलोमीटर. पेट्रोल गाडी लोड भरून, एसी लावून १५ चं ॲव्हरेज दिलं तर ३७ लिटर. गोव्यात लिटरला ९७ च्या आसपास आणि महाराष्ट्रात १०४, तेव्हा टाकी दोडामार्गच्या अलीकडेच फुल्ल करायची, सिंधुदुर्गातली माणसं उलटी इकडे येऊन भरून जातात ती उगीच नाही. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला होता तेव्हा तर हा फरक बघण्यासारखा होता, आता तेवढा नाही पण सात रुपये म्हणजे टाकीमागे अडीचशे. तर पेट्रोल साडेतीन हजार, इथपर्यंत नवरा बरोबर. पण ते जाताना. येताना ठाण्यात भरणार, तेव्हा तेच ३,८०० होतात.

आता जे कुणी मोजत नाही ते. चार टायर वीस हजारांचे, चाळीस हजार किलोमीटर चालले तर किलोमीटरला ५० पैसे. सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला सात हजार धरा, ७० पैसे. आणि गाडी जितकी पळते तितकी विकताना किंमत उतरते, वयाने उतरते ती सोडून द्या, फक्त पळण्यामुळे उतरते ती दीड-दोन रुपये तरी धरा. सगळं मिळून किलोमीटरला तीन रुपये. साडेपाचशे किलोमीटरचे सोळाशे-सतराशे. हे पैसे ठाण्याला पोचल्यावर खिशातून जात नाहीत म्हणून ते गेलेत असं वाटत नाही, पुढच्या वर्षी टायर बदलताना माणूस म्हणतो अरे एवढ्यात कसे झिजले. मग वाटेत पाच जणांचं दोनदा खाणं, हजार-बाराशे कुठे गेले नाहीत. ६६ ला टोल फार नाहीत, मुंबईच्या वेशीवरचे पाचही टोलनाके लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहेत, पण आंबोलीवरून कोल्हापूर-पुणे करून गेलात तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर आणि वर एक्सप्रेसवेचे ३२०, असे सहा-सातशे लागतात. ते तीनेक हजारांचं फास्टॅग वार्षिक पास वर्षातून एकदा-दोनदा मुंबईला जाणाऱ्या गोवेकराच्या कामाचं नाही, आणि ते मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालतही नाही कारण तो नॅशनल हायवेवाल्यांचा नाही.

म्हणजे गाडीचे एका बाजूचे साडेसहा हजार, वेळ अकरा-बारा तास. इंदापूर-माणगावला अडकलात तर आणखी दोन. त्या हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, सिंधुदुर्गात रस्ता असा की गाडी नुसती सरकत जाते, आणि रायगडमध्ये शिरलात की सगळं भरून निघतं. एकच ड्रायव्हर असेल तर मुंजीच्या आदल्या दिवशी तो माणूस झोपेत वावरणार. सासूबाईंना दर दोन तासांनी उतरावं लागणार, चांगलं स्वच्छ ठिकाण बघून, ते वेगळंच.

गाडी ट्रेनवर चढवून नेता येते का म्हणूनही विचारतात. कोकण रेल्वेची ट्रकची रो-रो १९९९ पासून चालते, आणि २०२५ च्या गणेश चवथीला त्यांनी पहिल्यांदा खाजगी कारसाठी कोलाड ते वेर्णा सुरू केली. एका गाडीचे ७,८७५ एका बाजूचे, बरोबर जास्तीत जास्त तीन माणसं, त्यांचं थ्री एसीचं तिकीट ९३५ वेगळं, आणि प्रवास बारा तास. हिशेब बघा, वेर्ण्यापर्यंत तुम्ही उलट्या दिशेने गाडी न्यायची, कोलाडला उतरून परत ठाण्यापर्यंत चालवायची, आणि पाचातल्या दोघांना तर घ्यायचेच नाहीत. पहिल्या खेपांना माणसं फारशी आलीच नाहीत यात मला तरी आश्चर्य वाटलं नाही. ज्याला मुंबईत महिनाभर राहायचंय, गाडी तिथे पाहिजेच आणि चालवायचा कंटाळा आहे, अशांसाठी ती कल्पना वाईट नाही.

बसचं पटकन उरकतो. म्हापशाहून मुंबईच्या एसी स्लीपर मेमध्ये बाराशे ते दोन हजार, वीकेंडला वर. तुमचे चार बर्थचे सहा हजार, बारा-तेरा तास. काही बस वाशी-चेंबूर-सायन करून बोरिवलीकडे जातात, ठाण्याला येतच नाहीत, तेव्हा बुकिंग करताना ड्रॉप पॉइंट नीट वाचा, पहाटे साडेचारला सायनच्या पुलाखाली पोरांना घेऊन उभं राहायची पाळी येऊ देऊ नका. सासूबाईंसाठी टॉयलेटचा प्रश्न इथेही आहेच आणि तिथे गाडी थांबवायला ड्रायव्हर तुमचा नवरा नाही. खाजगी बसवाल्यांनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीच्या वर घ्यायचं नाही असा महाराष्ट्राचा २०१८ चा नियम आहे, चवथीच्या दिवसांत त्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एसटीचा एक डाव काही माणसं खेळतात. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून, ६५ च्या वरच्यांनाही अर्धं, ७५ च्या वर फुकट, पण सगळं महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. मग दोडामार्ग किंवा सावंतवाडीपर्यंत आपलं आपण जायचं आणि तिथून पुढे एसटी. एकटी बाई कोल्हापूर-पुण्याला निघाली असेल तर हे छान जमतं, चारपाचशे सहज वाचतात. पाच जणांनी ठाण्यापर्यंत साध्या एसटीतून बारा तास हे मात्र पैशासाठी फार झालं.

राहिली ट्रेन. कोकण रेल्वेचं तिकीट अंतराच्या मानाने महाग वाटतं ते खरं आहे, कारण भाडं काढताना कोकण रेल्वेच्या हद्दीतलं अंतर ४० टक्के वाढवून धरतात, डोंगर फोडून केलेल्या मार्गाचा खर्च वसूल व्हावा म्हणून. मुंबई ते मडगाव तिकिटावर ७६५ किलोमीटर दिसतं, खरं अंतर सहाशेच्या आत आहे. एवढं करूनही भाव बघा. थिवी ते ठाणे स्लीपर चारशे-सव्वाचारशे, थ्री एसी अकराशे-साडेअकराशे, वंदे भारत चेअर कार जेवणासकट १,७०० ते १,९०० च्या मध्ये. तुमच्या चार तिकिटांचे स्लीपरला सतराशे, थ्री एसीला साडेचार हजार, वंदे भारतला सव्वासात हजार. डिचोलीहून थिवी स्टेशन नऊ-दहा किलोमीटर, टॅक्सीला चारपाचशे, आणि गाडी थेट ठाण्यालाच थांबते, तिथून दोन रिक्षा. दोन्ही टोकं मिळून सातशे-साडेसातशे. डिचोलीवाल्यांचं नशीब की थिवी तुमच्या दाराशी आहे, हाच प्रश्न वाळपईच्या माणसाने विचारला असता तर मी टॅक्सीचे हजारभर आणखी मोजले असते.

तेव्हा सगळं धरून एका बाजूचा आकडा असा पडतो: स्लीपर अडीच हजार, थ्री एसी पाच-सव्वापाच हजार, गाडी आणि बस दोन्ही साडेसहा-सात हजार, वंदे भारत आठ हजार, विमान चोवीस हजार. मेच्या भावाचा अंदाज आहे, शे-दोनशे इकडे तिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही.

माणसं कमी झाली की मात्र क्रम बदलतो. एकटा माणूस गाडी घेऊन गेला तर त्याचेही तेच सहा हजार, आणि तोच थ्री एसीने टॅक्सी-रिक्षा धरून सतराशेच्या आसपास जातो, थिवीला जायला पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, केला तर आणखी स्वस्तात. नवरा-बायको दोघंच असतील, बुकिंग महिनाभर आधी, नुसत्या हँडबॅगा, आणि मुंबईत विमानतळाजवळच जायचं असेल, तर विमानाचे माणशी तीन हजार आणि वंदे भारतचे १,८०० यातला फरक एवढा अंगावर येत नाही, तिथे तुमचा दीर बरोबर ठरतो. दिल्लीला जायचं असेल तर मी स्वतःच विमान सांगतो, गोवा एक्सप्रेस दोन रात्री घेते, वाटेतलं खाणं आणि सुट्टीचे वाया गेलेले दिवस धरले तर थ्री एसी आणि स्वस्त फ्लाइट यांत फार अंतर उरत नाही.

पुण्याचं तर तिसरंच. पुण्याला गोव्याहून धड गाडीच नाही, गोवा एक्सप्रेस लोंढा-बेळगाव-मिरज असं वळसा घेत पहाटे पोचते आणि तीही वास्को-मडगावहून, म्हापसा-डिचोलीच्या माणसाला उपयोग नाही. तिथे रात्रीची बस नाहीतर आपली गाडी, आंबोलीवरून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आठ-नऊ तास, रस्ता चांगला. पुण्याला चौघं जाणार असतील तर मी डोळे झाकून गाडी काढा म्हणतो, म्हणजे गाडी वाईट आणि ट्रेन चांगली असं माझं म्हणणं नाही, ठाण्याला तुमच्या दारात ट्रेन जाते म्हणून हा हिशेब असा आहे.

आता एक गोष्ट जी आपल्या गोव्यात राहणाऱ्यांना फायद्याची आहे आणि फार कमी माणसं वापरतात. भाव तारखेवर असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो दिशेवरही असतो. चवथीच्या आधीचे चार दिवस मुंबईहून इकडे येणाऱ्या बसचा भाव तीन हजारांवर जातो, आणि तीच बस त्याच रात्री इकडून मुंबईला अर्धी रिकामी जाते, सातशे-आठशेत बर्थ मिळते. गणपतीचे पाच दिवस, सात दिवस झाले की उलटं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोपाला उतरणारं विमान सोन्याच्या भावात, मोपाहून उडणारं त्याच दिवशी त्याच्या तिसऱ्या हिश्शात, आणि जानेवारीच्या एक-दोन तारखेनंतर उलटं. जग इकडे येत असताना आपण बाहेर जायचं आणि ते परत जाताना आपण घरी यायचं, एवढं जमलं तर विमानसुद्धा परवडतं. फक्त आयत्या वेळी अवलंबून राहू नका. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर शेकडो फ्लाइट रद्द झाल्या तेव्हा उरलेल्या विमानांचे भाव इतके भडकले की सरकारला ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० ची मर्यादा घालावी लागली. मुंबई-गोवा त्यातच येतं, म्हणजे मर्यादा घालूनही साडेसात हजार.

तुमच्या तारखांना हे लावा. १५ मेला गोव्याहून मुंबईला जाणारी गर्दी मध्यम असते, कारण चाकरमानी अजून गावीच असतात. पण १९ मेला मुंबईहून इकडे येणाऱ्या गाडीसाठी तुमची मारामारी सुट्टीवर गोव्याला निघालेल्या अख्ख्या मुंबईशी आहे. म्हणून परतीचं तिकीट जास्त महत्त्वाचं, आणि बहुतेक माणसं नेमकं जायचं आधी काढतात आणि यायचं बघू म्हणतात. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, १५ मेचं १६ मार्चला आणि १९ मेचं २० मार्चला, सकाळी ८ वाजता. आठ म्हणजे आठ, सव्वाआठला मेच्या गाड्यांत वेटिंग लागलेलं असतं. माणसांची नावं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा.

आणि तिकीट थिवी ते ठाणे असं काढू नका. रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस मडगावहून सुटते आणि मुंबईच्या सीएसएमटीला संपते, तेव्हा तिकीट मडगाव ते सीएसएमटी काढा आणि बोर्डिंग पॉइंट थिवी निवडा, उतरायचं ठाण्यालाच. भाड्यात माणशी थोडाच फरक पडतो, पण तुम्ही जनरल कोट्यात येता, वेटिंग लागलं तरी ते जीएनडब्ल्यूएल, म्हणजे जनरल वेटिंग, लागतं आणि तेच आधी हलतं. मधल्या स्टेशनांचं वेटिंग पूल कोट्यात, म्हणजे त्या सगळ्यांच्या सामायिक थोड्या बर्थांत, जातं आणि तिथे दहा नंबरसुद्धा शेवटपर्यंत तसाच लटकतो. येतानाही तसंच, सीएसएमटी ते मडगाव काढून बोर्डिंग ठाणे. बोर्डिंग बदलायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर सीएसएमटीला कुणी चढलं नाही म्हणून टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

तत्काळवर भरवसा ठेवू नका. एसीचं १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता आदल्या दिवशी उघडतं, आता आधार जोडलेलं खातं लागतं, पहिल्या अर्ध्या तासात आम्हा एजंटांनाही हात लावता येत नाही, आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक पैसा परत नाही. साधं कन्फर्म तिकीट चांगले चार-पाच दिवस आधी रद्द केलं तर थ्री एसीला माणशी १८० कापतात. मुंजीचा मुहूर्त कुणाच्या आजारपणाने किंवा सुतकाने पुढे गेला तर ट्रेनमध्ये सातशेवीस जातील, विमानाच्या स्वस्त तिकिटात मात्र टॅक्सचे थोडे परत येतात आणि बाकी सगळं गेलं. घरचं कार्य असलं की हा खर्चही हिशेबात धरायचा असतो.

माझं मत विचाराल तर जाताना कोकणकन्या थ्री एसी. थिवीला संध्याकाळी बसायचं, घरचा डबा खायचा, पहाटे ठाणे, दिवसाचा एक तासही फुकट जात नाही आणि हॉटेलचा प्रश्न नाही. वंदे भारत जाताना मी तुम्हाला सांगत नाही, महाग म्हणून नव्हे, चार वर्षांची मुलगी सव्वासहा तास मांडीवर घेऊन बसायचं आणि सासूबाईंना आडवं व्हायला जागा नाही म्हणून. तिच्यासाठी पाचवी सीट घेतलीत तर तिचंही पूर्ण भाडं, मग एका बाजूचे साडेनऊ-दहा हजार होतात. येताना कोकणकन्येचं नाही मिळालं तर मांडवी बघा, दिवसाची गाडी आहे, वेळ जास्त घेते पण खायला चांगलं मिळतं, पोरं खिडकीला चिकटतात आणि थ्री एसीत सासूबाई झोपूनही येऊ शकतात. वंदे भारत शेवटचा पर्याय ठेवा आणि तारखेचा वार बघा, पावसाळी वेळापत्रक लागायच्या आधी ती शुक्रवार सोडून रोज असते.

स्लीपर सगळ्यात स्वस्त, हे मी आधी लिहिलंच. मेच्या उकाड्यात, म्हातारं माणूस आणि मुंजीचे दागिने बरोबर असताना अडीच-तीन हजार वाचवायला मी ते करणार नाही, तुम्ही दोघंच असता तर केलं असतं.

आणि सासूबाईंचं तिकीट वेगळं काढा, तुमच्या चौघांच्या फॉर्मात घालू नका. बुकिंग करताना लोअर बर्थ, सीनियर सिटिझन असा कोटा निवडायचा. बाईमाणसाला तो ४५ पासूनच लागतो पण एका तिकिटावर दोनच जणं चालतात, एकत्र पाच नावं टाकली की त्या कोट्याचा फायदा जातो आणि ६८ वर्षांच्या माणसाला अपर बर्थ पडते. डबा वेगळा आला तरी घाबरू नका, थिवीला गाडी दोनच मिनिटं थांबते तेव्हा चढताना सगळे एकाच डब्यात चढा आणि आतून चालत जाऊन त्यांना त्यांच्या जागेवर पोचवा, थ्री एसीचे डबे आतून एकमेकांना जोडलेले असतात.